उकंडाला खुर्चीवर बसवलं तेव्हा

मी एक जुना फोटो आहे, पण अख्खा नाही. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकतो, कारण मला पाहिलं की लोक पहिल्यांदा तेच विचारतात. माझ्या खालच्या ओळीत, अगदी डाव्या कडेला, जुन्या रुपयाएवढं भोक आहे. ते उंदरानं कुरतडलेलं नाही की वाळवीनं खाल्लेलं नाही. एका माणसानं धारदार कात्री घेऊन, जीभ दातांत धरून, फार काळजीनं ते केलेलं आहे. त्या माणसाचा मला कित्येक वर्षं राग होता. खरं सांगायचं तर थोडा अजूनही आहे.

माझा जन्म दारव्ह्याच्या एका जिनातला. जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढून रुईच्या गठाणी बांधतात तो कारखाना. इंग्रजांचं राज्य जायला वर्षभर राहिलं होतं. त्या हंगामात धंदा बरा झाला म्हणून शेठजींना हौस आली आणि त्यांनी अकोल्याहून एक फोटोवाला बोलावला. त्यानं अंगणात तिपाई रोवली, डोक्यावर काळं कापड घेतलं आणि सगळ्यांना दम भरला, की भिंगावरचं टोपण काढल्यापासून परत लावेपर्यंत कुणी पापणीसुद्धा हलवायची नाही.

मधल्या नक्षीदार खुर्चीवर शेठजी बसले. बाजूला मुनीम आणि फिटर बसले, मागं काही गडी उभे राहिले. ती नक्षीची खुर्ची आतून उचलून आणणारा होता उकंडा. खुर्ची ठेवून तो बाजूला निघाला होता, पण फोटोवाल्याला डावी बाजू रिकामी वाटली. "ए, तू बस तिथं खाली," तो म्हणाला. उकंडा मुनीमजींच्या जोड्यांपासून हातभर अंतरावर मातीत मांडी घालून बसला. कुणी त्याला मानानं बोलावलं नव्हतं. रिकामी जागा भरायची होती, म्हणून तो माझ्यात आला.

पुढची गंमत ऐका. टोपण निघालं आणि नेमका त्याच वेळी गाडीचा एक बैल सुटून अंगणात शिरला. शेठजी ओरडायला वळले, मुनीमजी शेठजींकडे वळले, फिटर बैलाकडे वळला. उकंडाला हलू नको म्हटलं होतं, म्हणून तो हलला नाही. मी कागदावर उतरलो तेव्हा खुर्च्यांवरची मंडळी धुरकट झाली होती आणि मातीत बसलेल्या माणसाचा चेहरा, डोळ्यांतल्या चमकेसकट, लख्ख आला होता. शेठजींनी फोटोवाल्याला असं काही फैलावर घेतलं, की त्यानं एक प्रत कशीबशी हाती दिली आणि पळ काढला. ज्या काचेवरून मी उतरलो तीही त्यानं धुऊन दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी वापरली. फोटोवाले तेव्हा असं करायचे. त्यामुळे माझी दुसरी प्रत जगात कुठेही नाही.

आता आणलाच आहे तर टांगा, असं म्हणून मला कचेरीतल्या जरा अंधाऱ्या भिंतीवर टांगलं. तिथं माझी नऊ-दहा वर्षं गेली. हंगामात रुईचे तंतू उडून माझ्या काचेवर बसत. दसऱ्याला मशिनीला हार घालून उरलेलं एखादं झेंडूचं फूल कुणी माझ्या खिळ्याला अडकवी. कौतुक म्हणाल तर एवढंच.

मात्र एक बाई मला रोज बघायची. ती उकंडाची बायको, पंचफुला. हंगामात ती इतर बायांबरोबर कापसातला कचरा वेचायला यायची. कचेरीचा उंबरठा त्यांनी ओलांडायचा नसे. त्या दारातच उभ्या राहत. पंचफुला डोक्यावरचा पदर सारखा करायची आणि वाकून माझ्याकडे बघायची. एकदा तिनं सोबतिणीला कोपरानं ढोसलं.

"तो पाह्य, आमचा. सगळ्यात साजरा तोच आला."

"साजरा आला, पण बसवला मातीत," सोबतीण म्हणाली.

पंचफुला उंबरठ्यावरून आणखी थोडी वाकली. बराच वेळ बघत राहिली.

मग छप्पन साल आलं. त्या वर्षी पावसाळ्यापासूनच गठाणी उचलणारे लोक अंगणात हळू आवाजात बोलायचे. दसऱ्याला नागपूरला जायचं, बुद्धाचा धम्म घ्यायचा, हाच विषय. उकंडानं त्यासाठी नवं पांढरं धोतर आणि पांढरा सदरा शिवून घेतला होता. त्या दिवसाआधी अंगाला लावायचा नाही, असं ठरवून त्यानं तो सदरा घडी करून ठेवला. पण दसऱ्याला थोडे दिवस उरले असताना त्याला ताप भरला आणि त्या तापातून तो उठला नाही. सदऱ्याची घडी तशीच राहिली. हे सगळं मला पुढं पंचफुलाच्याच तोंडून कळलं. त्या वेळी मला एवढंच दिसलं, की खुर्च्या उचलायला आता दुसराच गडी येतो.

दसऱ्यानंतर ती माणसं परत आली तेव्हा ओळखू येईनात. कपडे तेच, पण चालणं वेगळं होतं. वस्तीतल्या लोकांनी घरातले देव नदीत सोडले, हातातले गंडेदोरे काढले. पंचफुला आणि तिचा मुलगा भीमराज दोघंही नागपूरला जाऊन आली होती. भीमराज तेव्हा वीस-एकवीस वर्षांचा, मॅट्रिक झालेला, वस्तीला पेपर वाचून दाखवणारा. बोलायला तापट, पण आईसमोर आवाज खाली.

त्याच हिवाळ्यात शेठजींच्या मुलानं कचेरीला नवा रंग दिला आणि मला खाली उतरवलं. माझी काच तडकली होती. मी कोपऱ्यात, झाडूच्या शेजारी. पंचफुला दारात आली, भिंत बघितली, कोपरा बघितला.

"मुनीमजी, तो फोटो फेकता काय?"

"फेकणारच. काय कराचं त्याचं?"

"मंग मले द्या."

मुनीमजींनी मला उंबरठ्यावरून तिच्या हातात दिलं. तिनं मला पदरात गुंडाळलं आणि त्यांच्या गावापर्यंत, बोरी अरबपर्यंत, छातीशी धरून नेलं. मित्रांनो, दहा वर्षं भिंतीवर टांगलेल्याला असं कुणी धरलं म्हणजे काय वाटतं, ते मला शब्दांत सांगता येणार नाही.

त्यांचं घर एका खोलीचं. भिंतीत एक रिकामा कोनाडा होता, देव गेल्यापासून मोकळा. पंचफुलानं मला तिथं ठेवलं, तोच भीमराज म्हणाला, "माय, कोनाड्यात नोको ठेवू. देव काढले ते काय बापाले देव करासाठी?"

तिनं मला उचलून धान्याच्या कणगीवर ठेवलं. मग ती रोज भाकरी थापता थापता माझ्याकडे बघायची. मला वाटायचं, आता इथं सुखानं राहू. पण तिच्या मनात काही वेगळंच शिजत होतं. एक दिवस तिनं हात पुसले, मला काखेत घेतलं, दुसऱ्या हातात ती पांढऱ्या सदऱ्याची घडी घेतली आणि मुलाला म्हणाली, "चाल दारव्ह्याले. लखीराम पेंटरकडं."

आता लखीरामबद्दल सांगतो. लखीराम बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुख फिरायचे. लखीरामनं मात्र दारव्ह्याच्या बाजारात दुकान घातलं होतं आणि पाट्या रंगवायचा. घरात गोरबोली, गिऱ्हाइकाशी वऱ्हाडी. पण त्याचं खरं नाव झालं होतं ते मेलेल्या माणसांच्या चित्रांसाठी. त्या काळी खेड्यापाड्यांतल्या माणसाचा आयुष्यात एखादाच फोटो निघे, तोही जत्रेत किंवा कुणाच्या लग्नात, दहाजणांच्या गर्दीत. माणूस गेला की घरचे तो फोटो घेऊन लखीरामकडे येत. लखीराम त्यातला चेहरा कापून घेई, पुठ्ठ्यावर डकवी आणि त्याखाली नवं शरीर रंगवी. जन्मभर उघड्या अंगानं नांगर धरलेल्याला तो कोट घाली. अनवाणी बाईच्या पायांत चपला घाली. वेगवेगळ्या साली मेलेल्या नवराबायकोला एका बाकावर शेजारी बसवी. हे करून झालं की कपाळावर बारीक कुंचल्यानं लाल गंध लावी आणि मगच खाली सही करी. गंधाशिवाय चित्र पुरं झालं असं त्याला वाटतच नसे.

त्याच्या दुकानात एक पत्र्याची पेटी होती. चेहरे काढून घेतलेले फोटो तो तिच्यात टाकी. नवरदेव नसलेली लग्नं होती तिच्यात. एका फोटोत आईच्या मांडीवर बाळ होतं आणि आईला डोकं नव्हतं. मी दुकानात पोचलो तेव्हा ती पेटी उघडी होती.

पंचफुलानं मला लखीरामच्या पुढ्यात ठेवलं आणि उकंडावर बोट टेकवलं.

"भाऊ, याले खालून उठवा. खुर्चीवर बसवा. अन् हा सदरा घाला त्याच्या अंगात. लय हौसेनं शिवलता त्यानं."

"कोणत्या खुर्चीवर बसवू?" लखीरामनं विचारलं.

तिचं बोट माझ्यावरून सरकत मधोमध आलं आणि शेठजींच्या नक्षीदार खुर्चीवर थांबलं. "हे."

लखीरामला हसू आलं. पण भीमराज गंभीर झाला होता. "माय, हे खोटं हाय," तो म्हणाला. "बा नागपूरले नव्हता आला. त्यानं दीक्षा नाही घेतली. मंग पांढरे कपडे घालून बसवणं म्हंजे लोकायले फसवणंच झालं ना?"

"त्यानं कपडे शिवले होते, लेका. मनानं तो कधीचाच गेलता. अंगानं नाही पोचला, एवढंच."

"फोटो मनाचा नसते, माय."

"बाबू," लखीराम मध्ये बोलला, "फोटो जे झालं ते दाखवते. मी जे व्हाले पाह्यजे होतं ते दाखवतो. म्हणून तं लोक माह्याकडं येते."

मी भीमराजच्या बाजूचा होतो, मित्रांनो. मी फोटो आहे. उकंडा मातीत बसला होता, हे मी स्वतः पाहिलं आहे आणि तेच दाखवण्यासाठी माझा जन्म. त्याला माझ्यातून उचलून दुसरीकडे बसवणारे हे कोण, असं मला वाटत होतं. पण पंचफुलानं मुलाकडे असं काही पाहिलं की तो गप्प झाला. वैशाखी पौर्णिमेला, म्हणजे बुद्धपौर्णिमेला, वस्ती जमणार होती. धम्म घेतल्यानंतरची ती पहिलीच बुद्धपौर्णिमा. त्या दिवशी उकंडानं सगळ्यांमध्ये असावं, एवढंच तिचं मागणं होतं. निघताना ती लखीरामला म्हणाली, "चेहऱ्याले धक्का लागू देऊ नोका, भाऊ. एवढाच हाय त्याचा."

"चेहऱ्याले काय होते? त्याची फक्त जागा बदलाची हाय," लखीराम म्हणाला.

त्याची बायको हंसाबाई मागं बसून डकवायची खळ शिजवत होती. ती माणसं गेल्यावर ती म्हणाली, "एवढाच हाय म्हणते ते. तं कापता कायले? येवतमाळले पाठवून नक्कल काढून आणा ना."

"नकलेत डोळ्यातली चमक जाते," लखीराम म्हणाला. "असा चेहरा हातात येते का रोज? अस्सल ते अस्सल."

त्याचं हे म्हणणं आळसापोटी नव्हतं, हे मला कबूल केलं पाहिजे. आपल्या हातावर त्याचा विश्वास होता. आणि हात चांगलाच होता. कात्री फिरली तेव्हा उकंडाच्या मुंडाशाचा एक धागासुद्धा मागं राहिला नाही. दुखलं का, असं विचाराल तर दुखलं. पण त्याहून वाईट वाटलं ते नंतर. माझ्यात एकच गोष्ट लख्ख होती, आणि आता माझ्याजवळ धुरकट शेठजी, धुरकट मुनीम आणि एक भोक उरलं.

चेहरा पुठ्ठ्यावर बसला. वरचा गुळगुळीतपणा रंग धरू देत नाही, म्हणून लखीरामनं ब्लेडच्या पात्यानं तो हलकेच खरवडला. मग तो दिवसचे दिवस त्यावर काम करत बसला. समोर खुंटीला तो सदरा टांगून त्यानं त्याच्या घड्यासुद्धा जशाच्या तशा उतरवल्या. सदरा नवा आहे, कधी अंगाला लागलेला नाही, हे चित्रात कळत होतं. माझ्यावरून बघून खुर्चीची नक्षी काढली. उकंडाचे हात त्यानं खुर्चीच्या हातांवर ठेवले, सैल, सवय असल्यासारखे. मी बाजूलाच उभा होतो. माझ्या रागाला तेव्हा पहिल्यांदा तडा गेला. मातीत बसलेला तो माणूस काय बघत होता, हे मला दहा वर्षं कळलं नव्हतं. तेच डोळे, तीच नजर. पण खुर्चीवर बसल्यावर तो सरळ समोरच्याच्या डोळ्यांत बघत होता.

चित्र पुरं झालं. लखीराम मागं सरकला, मान तिरपी करून बघितलं आणि खूश झाला. मग त्यानं सवयीनं बारीक कुंचला उचलला, लाल रंगात बुडवला आणि उकंडाच्या कपाळावर सुंदर उभं गंध ओढलं. खाली सही केली. कागदात गुंडाळलं.

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, मित्रांनो. शेकडो मेलेल्यांच्या कपाळांवर तो हात तसाच फिरला होता. मी ओरडलो असतो, पण फोटोला तोंड असून आवाज नसतो.

पौर्णिमेच्या सकाळी लखीराम चित्र आणि मला घेऊन मोटारीनं बोरी अरबला आला. वस्तीतल्या मोकळ्या जागेत मांडव घातला होता. सगळी माणसं पांढऱ्या कपड्यांत होती, पोरांचेसुद्धा कपडे खळ घालून कडक केलेले. त्यांनी लखीरामला मानानं बसवलं, चहा दिला. वंदना झाली. मग पंचफुला पुढं आली. तिनं कागद सोडला आणि चित्र सगळ्यांकडे फिरवून छातीशी धरलं.

पहिल्यांदा लोकांच्या तोंडून नुसता श्वास निघाला. उकंडाला सगळे ओळखत होते आणि तो खुर्चीवर बसला होता. एक म्हातारा पुढं होऊन म्हणाला, "अरे, उकंडाच हाय हा!" कुणीतरी डोळ्याला पदर लावला.

मग शेजारच्या रुखमाबाईचा आवाज आला. ती वस्तीतली सगळ्यांत वडीलधारी.

"पंचफुले, याच्या कपायाले काय लावलं हे?"

पंचफुलानं चित्र आपल्याकडे वळवलं. इतका वेळ तिनं फक्त डोळे पाहिले होते. आता तिला गंध दिसलं. दसऱ्यानंतर वस्तीत कुणीच कपाळाला गंध लावलं नव्हतं, आणि तेच सगळ्यांसमोर, पहिल्याच बुद्धपौर्णिमेला, तिच्या माणसाच्या कपाळावर होतं. तिचा चेहरा शरमेनं काळवंडला.

"चांगलंच दिसते ना," लखीराम चाचरत म्हणाला. "सगळ्यायलेच लावतो मी..." आणि बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं. त्यानं चहाची कपबशी खाली ठेवली.

"माय, मी सांगत होतो," भीमराज म्हणाला. पण ती ऐकत नव्हती. शेजारी पाण्याचा माठ होता. तिनं पदराचं टोक त्यात बुडवलं.

"पाणी नोका लावू!" लखीराम ओरडून उठला. "बाई, पाणी नोका लावू, ते अस्सल हाय!"

उशीर झाला होता. तिनं एकदा पुसलं. गंध पसरलं. तिनं दुसऱ्यांदा, जोरात पुसलं. गंध निघालं. पण पात्यानं खरवडलेला चेहरा पाण्यानं फुगला होता. गंधाबरोबर कपाळही निघून पदरावर आलं. दोन्ही भुवयांपासून मुंडाशापर्यंत पांढराफेक कागद उरला. डोळे वाचले. पंचफुला एकदा पदराकडे बघायची, एकदा चित्राकडे. ती रडली नाही. तिनं पदराचं ते टोक मुठीत घट्ट धरून ठेवलं, जणू त्यातून काही परत घेता येईल.

लखीराम खाली मातीत बसला होता. कुणी त्याला रागावलं नाही, आणि त्याचंच त्याला जास्त लागलं असावं. थोड्या वेळानं तो म्हणाला, "आणा इकडं. मी भरून देतो. कपाय रंगवून देतो, कोणाले कळणार नाही."

"तुमचं भरलेलं कपाय तुमचंच असन, भाऊ," पंचफुला म्हणाली. "त्याचं नाही."

भीमराज पुढं आला. त्यानं आईच्या हातातून चित्र घेतलं आणि बराच वेळ बघितलं. मग तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मी याले खोटं म्हणत होतो. आता नाही म्हणत. सगळ्या वस्तीसमोर बाच्या कपायावरचं गंध पुसलं गेलं, अन् ते मायनं पुसलं. हे खरंच झालं. आजपासून हा फोटो खरा हाय."

माणसांनी माना हलवल्या. कुणीतरी 'साधू, साधू' म्हणालं. मलाही क्षणभर वाटलं, की चला, वाईटातून चांगलं निघालं.

पण पंचफुला मुलाकडे बघून हळूच म्हणाली, "हो रे. पण त्याचा चेहरा गेला ना."

भीमराजनं चित्र परत आईच्या हातात दिलं.

ते चित्र आजही त्या घरात आहे. माझ्या शेजारी. तिनं मलाही खिळा ठोकून टांगलं. पाहुणा म्हणाला, की हा फाटका फोटो कायले ठेवला, तर ती माझ्या भोकावर बोट ठेवते आणि मग चित्रावर. "हा इथून उठला अन् तिथं बसला," असं म्हणते. पाहुण्याला कळेपर्यंत ती चहाला लागलेली असते.

लखीराम नंतर एकदा येऊन गेला. त्याचे केस पिकले होते. आता कुणी एकच फोटो घेऊन आलं, तर तो आधी यवतमाळला नक्कल काढायला पाठवतो, असं सांगत होता. नक्कल जरा फिकी येते, गिऱ्हाईक कुरकुर करतं, तरी. आणि कुंचला उचलण्याआधी प्रत्येकाला विचारतो, की कपाळावर काय लावू, की मोकळं ठेवू. लोकांना हा प्रश्न विचित्र वाटतो म्हणे. मी त्याच्याकडे बघत होतो. त्यानं माझ्याकडे बघणं टाळलं.

मित्रांनो, मी काही फार उपदेश करणाऱ्यांतला नाही. पण एवढं सांगतो. एखाद्या जुन्या फोटोतून नवं चित्र करावंसं वाटलं तर जरूर करा. मातीत बसलेल्याला खुर्चीवर बसवण्यात खोटं काही नाही, हे मला आता पटलं आहे. पण कात्री लावण्याआधी त्याची एक नक्कल काढून ठेवा. आणि आपल्या हाताला लागलेल्या सवयी त्या माणसाच्या कपाळावर चढवण्याआधी त्याच्या घरच्यांना विचारा. जो गेला त्याला आपलं म्हणणं सांगता येत नाही, आणि जो फोटो एकच आहे त्याला दुसऱ्यांदा चूक सोसत नाही.

आता शेवटचं. भीमराज पुढं शाळेत मास्तर झाला. त्याची मुलगी विशाखा परवा पाटी घेऊन आमच्या खाली बसली होती. पाच-सहा वर्षांची आहे. ती चित्र बघून आजोबा काढत होती. खुर्ची काढली, सदरा काढला, डोळे काढले, आणि डोळ्यांच्या वर पेन्सिल थांबवून आजीला विचारलं, "आजी, आबाजीच्या कपायावर ढग होता काय?"

पंचफुला हसली. "नाही वो पोरी. ढग कुठला? त्याचं कपाय..." आणि ती थांबली. तिनं डोळे मिटले. मी तिला इतकी वर्षं बघतो आहे, पण असा घाबरलेला चेहरा तिचा मी त्या पौर्णिमेलाही पाहिला नव्हता. तिला आठवत नव्हतं. ती ओठ हलवत होती, हातानं हवेत काहीतरी चाचपत होती, आणि काहीच येत नव्हतं. पोरगी पेन्सिल धरून वाट बघत होती.

तेवढ्यात भीमराज शाळेतून आला. दारातल्या रांजणातून पाणी घेऊन त्यानं तोंड धुतलं आणि ओले केस हातानं मागं सारत आत आला. पंचफुलानं डोळे उघडले आणि त्याच्याकडे बघतच राहिली.

"इकडं ये. बस खाली," ती म्हणाली.

तो काही न विचारता तिच्यापुढं जमिनीवर बसला. तिनं विशाखाचा हात धरला, बोटांवरची पाटीची धूळ पुसली आणि तो तळवा भीमराजच्या कपाळावर टेकवला.

"हे पाह्य," ती म्हणाली. "असं होतं."

पोरीनं हात काढला नाही, आणि त्यानंही बराच वेळ मान हलवली नाही.